लांजेवारजींचं गोल चक्कर

लांजेवारजींना भीती वाटायची. कशाची, असं विचारण्यात अर्थ नव्हता, कारण ती कशाचीही वाटायची. ऑफिसातला पंखा कुरकुरला की ते खुर्ची हातभर मागे सरकवायचे. जिन्यावरून कुणी धावत आलं की पेन्सिल खाली ठेवून दाराकडे पाहायचे, आणि येणारा नुसता चहावाला निघाला तरी त्यांचा जीव थाऱ्यावर यायला दोन मिनिटं लागायची. डबा उघडला की आधी भाजीचा वास घ्यायचे. दुर्गमधल्या मोहन नगरातल्या घराला कुलूप लावून निघाले की कोपऱ्यावरून परत जाऊन ते ओढून पाहायचे. त्यात त्यांची मिनीबस चुकायची, आणि मग उशीर होण्याची भीती. "होईन काही तरी, बाप्पा," हे त्यांचं पालुपद. ते त्यांनी काही चांगलं होण्याबद्दल म्हटल्याचं मला आठवत नाही.

मी त्यांच्या हाताखाली ट्रेसर म्हणून लागले तेव्हा भिलाई मध्य प्रदेशात होती आणि मी एकवीस वर्षांची होते. आमचं ऑफिस रस्त्यांचे नकाशे काढायचं. वरच्या मजल्यावर एक लांब खोली, उतरत्या फळ्यांची चार टेबलं, आणि कोपऱ्यातल्या छपाईच्या खोलीतून येणारा अमोनियाचा डोळे झोंबवणारा वास. लांजेवारजी तिथले हेड ड्राफ्ट्समन. भंडाऱ्याकडचे, पवनीजवळच्या खेड्यातले. पन्नाशी उलटलेली, अंगानं बारीक, शर्टाची बाही नेहमी मनगटापर्यंत. टेबलाशी बसले की दोन्ही बाह्यांना रबर लावायचे, कड ओल्या शाईवरून फिरू नये म्हणून. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. सगळी माया आणि सगळी काळजी धाकट्या बहिणीवर, इंदूबाईवर.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं एक ट्रेसिंग उचलून खिडकीशी नेलं.

"शालूबेटा, हे काय काढून राहिली तू?"

"वळण आहे ना, लांजेवारजी."

"कोनाचं?"

मला प्रश्नच कळला नाही. वळण म्हणजे वळण. मूळ नकाशात होतं तसं मी उतरवलं होतं, थोडं आखूड झालं असेल.

"इथून वळनार कोन हाये? सायकलवाला का ट्रकवाला? ट्रकवाल्याले एवढ्यात वळता येईन का? त्याले थांबा लागीन. थांबला का मंग पहिल्या गेरात उचलन. पहिला गेर म्हंजे धूर. तो धूर कोनाच्या घरात जाईन, हे पाह्य आधी, मंग रेघ मार."

ते जागेवर गेल्यावर शेजारच्या टेबलावरची मंडळी हसली. मीही हसले. म्हातारा जरा चक्रम आहे, असं मी घरी जाऊन आईला सांगितलं.

त्या बोलण्यामागे काय होतं, ते मला सहा-आठ महिन्यांनी कळलं. ते त्यांनी स्वतःच सांगितलं, तेही खुर्सीपारजवळच्या चौकात उभं राहून. मोजमाप लिहून घ्यायला मला सोबत नेलं होतं. त्या चौकाला लोक नुसतं 'गोल चक्कर' म्हणायचे. एका बाजूनं सळया, कोळसा, चुनखडीचे ट्रक यायचे, दुसऱ्या बाजूला वस्ती, आणि पोलाद कारखान्याची शिफ्ट सुटली की या सगळ्यांतून सायकलींचा लोंढा. मध्ये भलामोठा उंच गोल. त्यावर पुरुषभर वाढलेली मेंदी, आणि मेंदीच्या आत एक कारंजं, ज्यात मी कधी पाणी पाहिलं नाही.

"हे मी काढलं," लांजेवारजी म्हणाले. आपण चोरी केली असं सांगावं, तशा आवाजात.

आधी तिथं साधी चौफुली होती. ट्रक सुसाट जायचे. एका दुपारी शिफ्टवरून घरी जाणारा एक सायकलवाला ट्रकखाली आला. दुसऱ्या दिवशी लांजेवारजी मोजमापाला गेले, तेव्हा त्या माणसाचा जेवणाचा डबा अजून कडेला पडलेला होता, झाकण उघडं. त्यांनी तिथून परत येऊन एक गोल चक्कर काढलं. लहान, बुटकं, पलीकडचं सगळं दिसेल असं. येणारी वाट थोडी वाकवलेली, म्हणजे ट्रकला वेग आपोआप कमी करावा लागेल, पण थांबावं लागणार नाही. 'हळू पायजे, पन थांबले नाही पायजे.' एवढं एकच त्यांना हवं होतं.

साहेबांना ते फार किरकोळ वाटलं. आमचे त्या वेळचे साहेब हौशी होते. "लांजेवार, ये चौक है या रोटी? बड़ा बनाइए. बीच में फव्वारा, चारों तरफ़ हरियाली. बाहर से लोग आएँ तो देखें."

गोल मोठा केला तर भोवतीचा रस्ता अरुंद होणार, कोपरे काटकोनात येणार, मेंदीपलीकडचं काही दिसणार नाही; हे लांजेवारजींना तिथंच दिसलं होतं. "मले सगळं दिसलं, बेटा," ते म्हणाले. "अन् मी म्हटलं, जी साहब."

त्यांनी साहेबांना हवं तसं काढलं, आणि फार सुंदर काढलं. तो नकाशा पुढे काच लावून साहेबांच्या खोलीत टांगला होता. चक्कर बांधून झालं. त्यानंतर तिथं कुणी मेलं नाही, हेही खरं. लांजेवारजींचा जीव एवढा शांत झाला की विधवा झालेल्या इंदूबाईला पवनीहून आणलं, तेव्हा तिच्या शिवणकामासाठी त्यांनी खोली शोधली ती याच चौकाच्या कोपऱ्यावर. भिलाईतला सगळ्यात सुरक्षित चौक, असं त्यांना वाटलं.

तिथं उभं राहून मी ऐकत होते. प्रत्येक ट्रक गोलाशी येऊन ठप्प थांबायचा, कारण पलीकडून कोण येतंय ते ड्रायव्हरला दिसत नव्हतं. मग गुरगुर करत निघायचा आणि मागून काळ्या धुराचा लोळ सोडायचा. दोन पावलं पुढे कोपऱ्यावर पुन्हा थांबायचा, कारण वळणं एका दमात होत नव्हतं. पुन्हा गुरगुर, पुन्हा लोळ. तो लोळ हळूहळू इंदूबाईच्या ओट्यावर चढायचा आणि दारातून आत जायचा. लांजेवारजी डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगायचे, "थांबला. आता पहिला गेर. आता धूर." आणि प्रत्येक 'आता धूर'ला त्यांचे खांदे थोडे आत जायचे.

इंदूबाई त्यांच्या अगदी उलट. ठसठशीत, मोठ्या आवाजाची, कपाळावर आठी नाही. पायमशीन चालवता चालवता सगळ्या खुर्सीपारची खबर ठेवायची. पांढरं कापड शिवताना मशीनभोवती पडदा लावायची, कारण कापडावर काळे ठिपके पडायचे आणि गिऱ्हाईक कुरकुर करायचं. आल्यापासून तिसऱ्या हिवाळ्यात तिला दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग बोलताना. ती मध्येच थांबायची, हातानं 'थांब' अशी खूण करायची, श्वास घ्यायची आणि वाक्य तिथूनच पुढे न्यायची, जणू सुईत दोरा ओवून पुन्हा टाका घालायला घेतला. लांजेवारजी त्या वेळी तिच्याकडे पाहत नसत. खाली जमिनीकडे पाहत आणि ओठ हलवत. श्वास मोजत असावेत.

धूर कमी करता येतो, हे त्याच साहेबांना पटवावं म्हणून त्यांनी एक युक्ती केली. इंदूबाईकडून मांजरपाटाचे सारखे रुमाल कापून घेतले. चार रुमाल चक्कराच्या चार कोपऱ्यांवर खांबांना बांधले, आणि चार त्याच रस्त्यावर पुढे, जिथं ट्रक न थांबता सरळ जात. आठवडाभरानं ते काढून पाकिटांत घातले, पाकिटांवर जागा लिहिली आणि साहेबांच्या टेबलावर मांडले. मी फाइल धरून मागे उभी होते. सरळ रस्त्यावरचे रुमाल मळकट होते. चक्करावरचे पाहून मला वाटलं, यांनी तव्याचं बूड पुसलंय.

साहेब हसले. "लांजेवार, धोबी का काम कब से शुरू किया? स्टील टाउन है भाई, धुआँ तो होगा ही."

तरी लांजेवारजी बोलले. "साहब, चिमनी का धुआँ ऊपर जाता है. ट्रक का धुआँ दरवाज़े में आता है."

"तो दरवाज़ा बंद रखिए."

खोलीतून बाहेर आल्यावर त्यांनी पाकिटं माझ्या हातात दिली आणि नळाशी जाऊन बराच वेळ तोंड धुतलं.

संक्रांतीच्या आधीचा शनिवार होता. ऑफिस अर्ध्या दिवसाचं. मी इंदूबाईकडे ब्लाउज टाकायला गेले होते. लांजेवारजी शनिवारी तिच्याकडे जेवायचे, तेही आलेले. दोनचा भोंगा झाला, शिफ्ट सुटली. त्याच वेळी सळयांचे दोन ट्रक चक्करात समोरासमोर आले. एकाला वळता येईना, दुसऱ्याला मागे घेता येईना. मागे ट्रक, टेम्पो, बस, आणि त्यांच्या फटीफटीत सायकली. सगळ्यांची इंजिनं चालू. दहा मिनिटांत समोरचं दुकान दिसेनासं झालं.

इंदूबाई माझ्या बाहीचं माप घेत होती. तिनं हातानं थांबायची खूण केली. मी थांबले. पण या वेळी श्वास आलाच नाही. टेप तिच्या हातातून गळली, तिनं मशीनची कड धरली, आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. ओठ निळसर झाले.

"दादा," मी ओरडले. त्यांना मी त्याआधी आणि त्यानंतर कधी दादा म्हटलं नाही. ती म्हणायची ते माझ्या तोंडून निघालं.

मला वाटलं, हे आता कोसळतील. पण त्यांनी ताट बाजूला सारलं, धावत जाऊन ओट्यासमोर आलेली सायकलरिक्षा थांबवली आणि आम्ही दोघांनी तिला आत बसवलं. मी तिला धरून शेजारी बसले. दवाखाना चौकाच्या पलीकडे होता. रिक्षा वीस पावलं गेली आणि अडकली. पुढे ट्रकचं चाक, मागे बसचं तोंड. लांजेवारजी, जे रिकामा रस्तासुद्धा हात वर करून ओलांडायचे, ते त्या ट्रकांच्या मधोमध उभे राहिले. एकेका ड्रायव्हरपुढे हात जोडून म्हणत होते, "सरदारजी, इंजिन बंद करो. मेरी बहन है. बंद करो."

एकानं बंद केलं. दुसऱ्यानं केलं. पण जागा कुठून व्हावी? तेव्हा त्यांनी रिक्षावाल्याला खूण केली, दोघांनी रिक्षाची चाकं उचलून काठाच्या दगडावर चढवली, आणि लांजेवारजी पाठ टेकवून त्या मेंदीत घुसले. फांद्या मोडत, शर्ट फाटत, त्यांनी वाट केली. आम्ही त्या कोरड्या कारंज्याला वळसा घालून, गोलाच्या मधून, पलीकडे उतरलो. इंदूबाईचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, आणि मी त्या शिट्टीकडे कान लावून बसले होते. ती थांबू नये एवढंच मागत होते.

दवाखान्यात इंजेक्शन झालं, नळी लागली, संध्याकाळपर्यंत ओठांना रंग आला. डॉक्टरांनी विचारलं, "राहता कुठे?" सांगितल्यावर म्हणाले, "मग ती जागा सोडा."

लांजेवारजींनी लगेच मान डोलावली. पण इंदूबाईनं पलंगावरून त्यांचा हात धरला. आवाज पार बसलेला. "मी कावून सोडू? माह्यं सगळं गिऱ्हाईक तिथं हाये. तिथं मी एकटी हावो का? बाजूच्या बाईचं लेकरू रातभर खोकलते. त्याले कोठी नेशीन?" मग श्वास घेऊन, "चक्कर तुह्यं हाये, दादा. तूच सुधरव."

सोमवारी ते ऑफिसात आले. हातांवर ओरखडे. आठवडाभर ते काम संपल्यावर त्या चौकात जात होते, आणि शनिवारी मला म्हणाले, "उद्या सकाळी येशीन का? लिहून घ्यायले कोनी पायजे. साहेबाले सांगितलं नाही मी." शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

रविवारी सकाळी मी गेले, तर बिसाहू आधीच आलेला. बिसाहू हा रस्त्यावरच्या मजुरांचा मेट, म्हणजे मुकादम, छत्तीसगढी, लांजेवारजींच्याच वयाचा. सोबत त्याची तीन माणसं, मुरमाचा ढीग, चुन्याची घमेली, डांबराची रिकामी पिंपं. लांजेवारजींच्या हातात माळ्याची कात्री होती. ते सारखे रस्त्याकडे पाहत होते.

"झन डर बाबू," बिसाहूनं धीर दिला, "मैं हँव न."

त्यांनी मेंदी कमरेइतकी कापली. काठाच्या दगडांबाहेर, जिथं कोपरे अडायचे, तिथं मुरूम भरून चोपला, म्हणजे ट्रकला वळायला जागा होईल. पिंपं मांडून वाट दाखवली, चुन्यानं रेघ मारली. नऊच्या सुमारास पहिला ट्रक आला. ड्रायव्हरनं दुरूनच पलीकडे पाहिलं, वेग कमी केला, आणि न थांबता दुसऱ्या गेरात वळून गेला. मागे काळा लोळ नव्हता. पातळ, राखाडी रेघ फक्त. दुसराही तसाच गेला. तिसरा थांबला, पण एकदाच. इंदूबाई ओट्यावर शाल घेऊन बसली होती, तिनं टाळ्या वाजवल्या. बिसाहू हसत होता. मी वहीत खुणा करत होते आणि मला वाटत होतं, झालं, जिंकलो.

फक्त लांजेवारजी हसत नव्हते. "दोन वाजू दे," ते म्हणत होते. "सायकली येऊ दे."

दोनचा भोंगा झाला. सायकली आल्या. आणि आता ट्रक थांबत नव्हते. सायकलवाल्यांना सवय होती ट्रक ठप्प उभा राहण्याची आणि तेवढ्यात आपण सटकण्याची. कोळशाचा एक ट्रक वळणावरून जरा जोरातच आला. त्याच्या पुढून निघालेल्या एका तरुणाचं मागचं चाक त्याच्या बंपरला लागलं. सायकल फिरली, तो मुरमावर आपटला. कोपर फुटलं, गुडघा सोलला. तो उठला, शिव्या देत सायकल उचलून चालायलाही लागला. पण त्याचा जेवणाचा डबा हँडलवरून सुटून चुन्याच्या रेघेवर घरंगळत आला होता.

लांजेवारजींनी तो उचलला, त्याच्या मागे धावत जाऊन त्याला दिला आणि त्याचे दोन्ही हात धरून काही तरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही. मग परत येऊन पहिलं पिंप स्वतः ढकलत बाजूला नेलं.

"बाबू, रहन दे. काही नइ होइस," बिसाहू समजावत होता.

"होऊ शकलं असतं," लांजेवारजी म्हणाले. "काढ सगळं."

सगळं काढलं. मुरूमसुद्धा फावड्यानं ओढून परत ढीग लावला. इंदूबाई ओट्यावरून पाहत होती. कापलेली मेंदी मात्र परत लावता येणार नव्हती. सोमवारी साहेबांनी बोलावलं, आणि सरकारी हिरवळीचं नुकसान केल्याबद्दल लेखी खुलासा मागितला. आम्ही सगळे घाबरलो, पण लांजेवारजींनी एका ओळीत उत्तर दिलं: मेंदी मी कापली, दुसऱ्या कुणाचा यात हात नाही. बिसाहूचं नाव नव्हतं, माझंही नव्हतं. साहेबांनी त्यांच्याकडून चौकांचं काम काढून घेतलं आणि नाल्यांचे नकाशे दिले.

त्यानंतरचं वर्षभर मी त्यांना जेवणाच्या सुट्टीत जेवताना क्वचितच पाहिलं. नाल्याच्या नकाशाखाली दुसरा कागद असायचा. त्यांना आता दोन माणसं एकाच वेळी दिसत होती: एक ओट्यावर श्वास शोधणारी, एक मुरमावर पडलेला. एकीसाठी वळण सैल करावं तर दुसऱ्याचा जीव जातो, दुसऱ्यासाठी आवळावं तर पहिलीचा. किती कागद झाले याची गणती नाही. ते काढायचे, माझ्यापुढे ठेवायचे, विचारायचे, "शालूबेटा, तू सायकलवर हायेस. आता सांग, भेव वाटते का?" मी सांगायचे, इथं वाटतं. ते खोडायचे.

शेवटी जे निघालं ते त्यांनी चौफुलीच्या काळात काढलेल्या त्या पहिल्या लहान चक्कराच्या जवळ जाणारं होतं. गोल बुटका आणि बराच लहान. येणारी प्रत्येक वाट आधी थोडी डावीकडे वाकवलेली, तिच्या मध्ये तिकोनी ओटा, म्हणजे ट्रक सरळ घुसूच शकणार नाही, त्याला मंद व्हावंच लागेल. पण समोरचं सगळं दिसत असल्यामुळे थांबावं लागणार नाही. आणि सायकलींना बाहेरच्या कडेनं वेगळी पट्टी, मध्ये दगडांची ओळ. मी ते शाईनं उतरवलं. माझ्या हातचं ते सगळ्यात नीट काम असेल.

साहेबांची बदली झाली. नवे साहेब तरुण होते, जबलपूरकडचे. ते एकदा दोन वाजता त्या चक्करात पाऊण तास अडकले आणि ऑफिसात येऊन विचारते झाले, ये किसने डिज़ाइन किया है? लांजेवारजी उभे राहिले. "मैंने, साहब." मग नाल्याच्या नकाशाखालचा कागद काढून म्हणाले, "और ये भी मैंने."

नव्या साहेबांनी तो कागद टेबलावर पसरला, वाकून बराच वेळ पाहिला, आणि चार-पाच प्रश्न विचारले. लांजेवारजींनी प्रत्येक उत्तरासोबत त्यात काय काय बिघडू शकतं तेही सांगितलं. असा माणूस साहेबांनी आधी पाहिला नसावा. मंजुरी यायला वेळ लागला, पण आली. कारंजं पाडलं तेव्हा त्याच्या आत चिमण्यांची घरटी निघाली. बिसाहूनं ती तशीच उचलून बाजूच्या झाडाच्या बेचक्यात ठेवली, लांजेवारजींनी त्याला दोनदा तसं सांगितलं म्हणून.

काम पुरं व्हायच्या आधीच लांजेवारजी निवृत्त झाले. धूर गेला, असं मी म्हणणार नाही. ट्रक तेवढेच होते, पुढे वाढतच गेले. पण ते त्या कोपऱ्यावर थांबेनासे झाले, आणि इंदूबाईनं पांढरं कापड शिवताना पडदा लावणं सोडलं. त्या हिवाळ्यात तिला दवाखान्यात न्यावं लागलं नाही. डॉक्टरांनी श्रेय गोळ्यांना दिलं. लांजेवारजींनी कुणालाच दिलं नाही. त्यांना पुढच्या हिवाळ्याची काळजी लागली होती. ते रोज दुर्गहून मिनीबसनं यायचे आणि दोन वाजता ओट्यावर उभे राहून सायकली पाहायचे. कुणी डगमगला की एक पाऊल पुढे टाकायचे. नातेवाईक म्हणायचे, पेन्शनीत निवांत बसा. ते म्हणायचे, "बसतो ना. शिफ्ट सुटू दे."

नव्वदच्या आसपास माझं लग्न ठरलं, नागपूरला. निघायच्या दोन दिवस आधी मी इंदूबाईकडे ब्लाउज आणायला गेले. लांजेवारजींनाही भेटायचं होतं, पाया पडायचं होतं. दुपारचे दोन वाजून गेले होते. शिफ्ट नुकतीच सुटलेली, पट्टीवरून सायकली घंट्या वाजवत जात होत्या, सळयांचा एक ट्रक खडखडत वळत होता, त्याच्यामागे दुसरा.

लांजेवारजी ओट्यावर खुर्चीत बसले होते. पाय चौकाकडे पसरलेले, मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं. घोरत होते. शर्टाची वरची दोन बटनं सुटली होती, आणि एक चप्पल पायातून निसटून पायरीवर पडली होती.

मी हाक मारायला तोंड उघडलं. आतून इंदूबाईनं मशीनचं चाक हातानं धरून थांबवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ओठांवर बोट ठेवलं.